नळ, गटार, रस्ता: तिन्ही कामं एकत्र चालवायची का, हे ठरवण्याआधी

गावात नळयोजना, बंदिस्त गटार आणि काँक्रीट रस्ता एकाच वर्षात मंजूर झाले असतील, तर पहिला नारळ फोडण्याआधी एवढी तयारी कराच. आमच्याकडे रस्ता आधी झाला, पाइप नंतर आले आणि नवंकोरं काँक्रीट ब्रेकर लावून फोडावं लागलं.

ग्रामसभेचा ठराव, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रकं एका फायलीत लावा. हे सगळेच करतात.

मग प्रत्येक कामाला एकच प्रश्न लावा: बाकीची कामं रखडली, तरी याचा फायदा गावाला मिळेल का? स्मशानभूमीचं शेड, अंगणवाडीची दुरुस्ती यांचा मिळतो, त्यांना बाहेर ठेवा. ठेकेदार एकच आहे किंवा निधी २५-१५ या ग्रामविकासाच्या लेखाशीर्षातूनच आला आहे, एवढ्यावरून कामं एकत्र बांधू नका, उगाच गुंता वाढतो. नळ आणि गटार मात्र सुटे करता येत नाहीत. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. पाच-पाच माणसांची ३०० घरं धरली तर रोज ८२,५०० लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं असा अभियंत्यांचा हिशेब, म्हणजे रोज ६६,००० लिटर पाणी घराबाहेर येणार. गटार नसेल तर ते नव्या रस्त्यावरूनच वाहणार. आणि विहीर मे महिन्यात तळ गाठत असेल, तर पुनर्भरणाचं कामही याच गठ्ठ्यात घ्या, ते कोणत्याही विभागाकडे असो. कोरड्या नळाचा उपयोग काय?

आता मुख्य गोष्ट. एका कामासाठी दुसरं काम थांबवायचा अधिकार कोणाला आहे, हे लेखी घ्या. नळयोजना ग्रामीण पाणीपुरवठा विभागाची, रस्ता बांधकाम विभागाचा, विजेचे खांब महावितरणचे. प्रत्येक अभियंता आपल्या कामाला जबाबदार असतो, आणि शेजारच्या कामासाठी आपलं थांबवलं तर ३१ मार्चला निधी परत जाण्याची धास्तीही त्यालाच असते. अशा वेळी सरपंचांनी फोनवर "साहेब, जरा थांबा" म्हणणं ही विनंती झाली. विनंती डिसेंबरात ऐकतात, मार्चमध्ये कोणी ऐकत नाही. आमची समन्वय समिती होती, बैठका व्हायच्या, इतिवृत्तं लिहिली जायची. थांबवायचा अधिकार मात्र त्या खोलीत कोणालाच नव्हता. तेवढं एक राहिलं आणि रस्ता फुटला.

दोन्ही विभाग जिल्हा परिषदेचे असतील तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं पत्र घ्या. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. शिवाय रस्त्याच्या कार्यारंभ आदेशातच एक अट घालून घ्या: पाइपलाइनच्या दाब चाचणीचा दाखला मिळाल्याशिवाय त्या गल्लीत काँक्रीट टाकू नये. आदेश निघाल्यानंतर ही अट घालायला गेलात तर ठेकेदार बसून राहिलेल्या मशिनरीचं भाडं मागेल. पत्र मिळतच नसेल, थांबवायचा अधिकार कोणी घ्यायलाच तयार नसेल, तर एकत्र चालवायचा विचार सोडून द्या. प्रत्येक काम वेगळं ठेवा आणि गल्लीगणिक क्रम तेवढा ठरवून घ्या. त्यात निदान कोणी गाफील राहत नाही.

पैसे एकत्र करू नका. लेखाशीर्षं, मोजमाप पुस्तकं, उपयोगिता प्रमाणपत्रं ज्याची त्याची राहू द्या, नाहीतर लेखापरीक्षणात अडकाल. एक करायचा तो क्रम.

तो असा. खोलवरचं गटार आधी, पाण्याची लाइन त्याच्या वर आणि शक्य तितकी बाजूला. मग दाब चाचणी, मग घरोघरची जोडणी, मग चर बुजवून पक्की दबाई. रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप आत्ताच टाकून ठेवा, रिकाम्या प्लॉटसमोरही. उद्या तिथे घर होईल आणि नळासाठी पुन्हा रस्ता फोडतील. शेवटी काँक्रीट, तेही कोणाच्या घाईसाठी नाही. आदेशातली ती अट दाखवा आणि थांबवा.

पथदिव्यांचे खांब काँक्रीटच्या आधी. काँक्रीटवर रोज पाणी मारणाऱ्या माणसाचं नाव ठरवा. तिन्ही कामांच्या दोष दायित्वाच्या, म्हणजे ठेकेदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीच्या, तारखा वेगळ्या असतात, एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीत लावा. पाणीपट्टी, गटारसफाई, व्हॉल्व्ह कोण फिरवणार, हे ग्रामसभेत.

आणि थांबवायच्या अधिकाराचं ते पत्र पदाच्या नावानं घ्या, व्यक्तीच्या नाही. काम चालू असताना साहेबांची बदली झाली, तर नवे साहेब रुजू होतील त्याच आठवड्यात पत्र घेऊन त्यांच्यापुढे बसा आणि त्यांचीही सही घ्या.