जुन्या काळचा स्विमसूट शिवताय? या चुका टाळा

नाटकासाठी किंवा फोटोशूटसाठी १९०० ते १९३० मधला पोहण्याचा पोशाख शिवायचा ठरला, की बहुतेकजण आधी मापं घेतात. माझं म्हणणं, आधी कापड ठरवा. सगळं तिथेच बिघडतं.

लायक्रा, म्हणजे आजच्या स्विमसूटमधला ताणला जाणारा धागा, १९५८ सालचा. त्याची चकाकी दिसली की कट कितीही बिनचूक असो, पोशाख खोटा वाटतो. त्या काळी पोशाख लोकरीचे होते आणि पाणी प्यायले की जड होऊन लोंबायचे. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये, पुढे जँटझेन नावाने गाजलेल्या कारखान्याने १९१३ च्या सुमारास एका नौकापटूसाठी स्वेटरच्या मनगटपट्टीची ताणली जाणारी वीण वापरली. त्यातून आलेले सूट अंगाला बसायचे, पण भिजल्यावर त्यांचं वजन साडेतीन किलोंवर जायचं म्हणतात! म्हणून विणलेलं लोकरी कापड घ्या आणि खांद्याच्या शिवणीत आतून सुती फीत घाला, म्हणजे गळा खाली ओघळणार नाही. धुतल्यावर दोरीवर टांगू नका, टॉवेलवर सपाट पसरून वाळवा.

दुसरी चूक सालांची सरमिसळ. १९०५ ची बाई दाखवायची तर गडद झगा, खाली ब्लूमर (सैल, चुण्यांची विजार) आणि काळे मोजे हवेत. उघडे पाय नकोत. ऑस्ट्रेलियाची जलतरणपटू अ‍ॅनेट केलरमनने अंगासरशी एकसंध पोशाख लोकप्रिय केला, पण तिचेही पाय सुरुवातीला मोज्यांत झाकलेले असायचे. (या पोशाखामुळे तिला १९०७ मध्ये अटक झाल्याची गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत खरी म्हणून छापू नका, त्या वेळचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही.) १९२२ पर्यंत पोशाख आखूड झाले होते, तरी वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर सूट गुडघ्याच्या किती वर आहे ते टेपने मोजलं जात होतं.

बिकिनी तर या काळात आणूच नका. फ्रेंच डिझायनर लुई रेआरने ती १९४६ च्या जुलैत पॅरिसमध्ये दाखवली. नेहमीच्या मॉडेल घालायला तयार होईनात, तेव्हा मिशेलिन बर्नार्डिनी या नर्तिकेने ती घातली.

आणि पुरुषांना उघड्या छातीने उभं करू नका. बनियनसारखा वरचा भाग त्यांनाही लागायचा, तो १९३० च्या दशकात हळूहळू गेला.