सयामी मांजर घरी आणण्यापूर्वी

सर्वांत आधी घरातील माणसांचे वेळापत्रक पाहावे, कारण बाकीची खरेदी अर्ध्या दिवसात उरकते. सयामी मांजर घरातील एखादे माणूस आपले मानते आणि स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत त्याच्या मागे फिरते. दिवसभर एकटे राहावे लागले तर ते खिन्न होते, खाणे कमी करते किंवा वस्तू फाडू लागते. घराला सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुलूप असेल तर एकाच वेताची दोन पिल्ले आणावीत, आणि तेही शक्य नसेल तर या जातीचा विचार सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग शेजाऱ्यांशी बोलून घ्यावे. सयामीचा आवाज तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा घोगरा आणि लांबणारा असतो, आणि भूक लागली, दार बंद दिसले किंवा नुसते कोणी लक्ष दिले नाही तरी ते बोलत राहते. सोलापूरच्या पूर्व भागात दिवसा यंत्रमागांच्या खडखडाटात हे खपून जाईल, परंतु सामाईक भिंतीच्या चाळीत पहाटे चार वाजता खपणार नाही. मादी माजावर आली की हाच आवाज कित्येक दिवस थांबत नाही, आणि ही जात लवकर वयात येते; म्हणून पहिल्या लसीच्या वेळीच पशुवैद्यकांना नसबंदीची तारीख विचारून ठेवावी.

सोलापुरात एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. लोकर किंवा कापड चोखण्याची, चावण्याची आणि प्रसंगी गिळण्याची खोड सयामीत इतर जातींपेक्षा अधिक आढळते, आणि आपल्याकडे तर घरोघरी चादरी, टॉवेल आणि सूत. गिळलेला लांब धागा आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. म्हणून सुताच्या कांड्या, शिवणाचा दोरा आणि दशा सुटलेली जुनी चादर कपाटात बंद ठेवावी, आणि दिवसातून दोनदा तरी मांजराशी मनापासून खेळावे, कारण कंटाळा हे या खोडीचे एक मोठे कारण असते. फेकलेली वस्तू परत आणून देणे किंवा छातीपट्टा घालून फिरणे पुष्कळ सयामी मांजरे सहज शिकतात. चढण्यासाठी एक उंच फळी द्यावी. न दिल्यास ते फ्रिजवर किंवा कपाटावर आपली जागा शोधेलच.

पिल्लू निवडताना रंगावर विसंबू नये. सयामीच्या अंगातील रंग तयार करणारे विकर (एन्झाइम) थंड भागातच नीट काम करते, त्यामुळे कान, तोंड, पाय आणि शेपूट गडद होतात, आणि आईच्या पोटातील उबेमुळे जन्मतः पिल्लू जवळजवळ पांढरे असते. उष्ण हवेत अंग फिकटच राहू शकते, हा दोष नव्हे. डोळे निळे असावेत, आणि शक्य असेल तर आईवडील प्रत्यक्ष पाहावेत. बारा आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा शहाबादी फरशीची सावलीतली खोली दुपारी उघडी ठेवावी आणि दोन-तीन जागी पाण्याची भांडी ठेवावीत. नळाला रोज पाणी येत नसल्याने भरून ठेवलेल्या पिंपांवर घट्ट झाकणे हवीतच, कारण हे चौकस मांजर आधी काठावर चढते आणि मग विचार करते.

स्वयंपाकघरात शेंगाचटणी उघडी ठेवू नये; तिच्यातील लसूण मांजराला विषारी आहे. पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नये, आणि कुत्र्यांचे गोचिडाचे औषधही लावू नये.

मकर संक्रांतीच्या वेळी भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या सुमारास नवे पिल्लू घरी आणू नये. सयामी बहुधा बारा ते पंधरा वर्षे जगते, तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत सारे कुटुंब गावी गेल्यावर त्याच्याशी बोलायला रोज कोण येणार, हेही आणण्यापूर्वीच ठरवून त्या व्यक्तीची पिल्लाशी ओळख करून द्यावी.