सवय लावताय? मग या चुका तेवढ्या टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माझी लहानशी अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, सहा पंखे, एक पाण्याचा कूलर. दर जूनला आणि दर जानेवारीला सगळ्या खुर्च्या भरतात आणि महिन्याभरात निम्म्या ओस पडतात. फी आगाऊ घेतलेली असते, त्यामुळे माझं काही जात नाही. पण दरवेळी त्याच चुका बघून आता वीट आलाय. नुसती पोरंच नव्हे, पहाटे रंकाळ्याला चालायला येणारी माझ्या वयाची मंडळीही त्यातलीच.

सगळं एकदम सुरू करणं

मागे गडहिंग्लजकडचा एक पोरगा आला. पहिल्याच दिवशी त्यानं खुर्चीसमोरच्या भिंतीवर चार रंगांत केलेलं वेळापत्रक चिकटवलं. चारला उठणे, ध्यान, पाचला पळणे, सहाला इंग्रजी पेपर, साखर बंद, रात्री दहाला रोजनिशी. मी विचारलं, "बाळा, आज किती वाजता उठलास?"

"साडेआठला, सर."

नवव्या दिवशी खुर्ची रिकामी. वेळापत्रक मात्र पुढे सहा महिने भिंतीवर टिकलं. चिकटपट्टी चांगल्यातली होती.

तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी कुणी लढतीला उभं करत नाही. आधी हातात खोरं देतात आणि माती खणायला लावतात. मग थोडे जोर, थोड्या बैठका. किती वाढवायचे ते वस्ताद ठरवतो, पोरगा नाही. हे पिढ्यान्‌पिढ्या बघणाऱ्या गावातल्या पोरांना पहिल्याच दिवशी पाचशे जोर मारायची घाई कुठनं येते? मोबाइलमधनंच येत असणार.

मी एका वेळी एकच सवय धरतो, आणि तीही सांगायला लाज वाटेल एवढी लहान. वाचन सुरू केलं ते दोन पानांनी. आमच्या शाहूपुरीतल्या घरी पहाटे नळाला पाणी येतं आणि पिंप भरेपर्यंत तिथं उभं राहणं माझ्याकडे असतं. पुस्तक मोरीबाहेरच्या कोनाड्यात ठेवून दिलं. पिंप भरतंय तोवर दोन पानं. "रोज सहाला वाचणार" असं ठरवलं की सहा कधी वाजून गेले ते कळत नाही. पाणी आलेलं मात्र अख्ख्या गल्लीला कळतं.

एकवीस दिवस मोजत बसणं

एकवीस दिवस केलं की सवय लागते, असं जो तो सांगतो. हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं 1960 मध्ये लिहिलं की रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. लोकांनी त्यातला चेहरा सोडला, 'किमान' सोडलं आणि 21 तेवढे उचलले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी तपासल्या. सवय अंगवळणी पडायचा मधला आकडा निघाला 66 दिवस. पण कुणाला 18 पुरतील, तर कुणाला 254 लागतील, एवढा फरक. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर जमते, व्यायामाला जास्त वेळ लागतो. म्हणजे बाविसाव्या दिवशीही उठायचा कंटाळा येत असेल तर तुमच्यात काही खोट नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. हे मला 2019 च्या आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

खंड पडला म्हणून सोडून देणं

2016 च्या पाडव्याला मी वाचायला लागलो. दोनाची दहा पानं झाली. रोज कॅलेंडरवर लाल फुली. 2019 च्या ऑगस्टपर्यंत 1200 च्या वर फुल्या झाल्या होत्या, एकही दिवस खाडा नाही. पाहुण्यांना जुनी कॅलेंडरं काढून दाखवायचो, एवढा माज.

मग पूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, नळाला पाणी नाही. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी राजारामपुरीत बहिणीकडे गेलो. परतलो तेव्हा खालच्या खोलीत चिखल, आणि खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटलेली.

पुस्तकं गेली त्याचं एक वेळ समजलं असतं. मी रडत होतो फुल्यांसाठी. साखळी तुटली, आता काय उपयोग, असं म्हणून जे सोडलं ते चौदा महिने. त्यात 2020 चं लॉकडाउन आलं, घरात बसून वेळच वेळ, तरी पुस्तकाला हात लावला नाही. दहा दिवस पुरानं घेतले होते, बाकीचे मी माझ्या हातानं घालवले.

अभ्यासिकेत तेव्हा एक पैलवान पोरगा भरतीची तयारी करायचा. त्याला सहज विचारलं, "दुखापत होऊन दोन महिने घरी बसलास, तर परत तालमीत गेल्यावर काय करतोस?" तो म्हणाला, "काय न्हाई सर, माती खणतो. वस्ताद पहिल्या दिवशी दुसरं कायच करू देत न्हाईत." त्याला हे इतकं साधं वाटत होतं की माझ्याकडे बघून तो हसला.

दुसऱ्या दिवशी पिंपाजवळ दोन पानं वाचली. दहा नाही, दोनच. कॅलेंडरवर फुली मारली नाही. तेव्हापासून मारतच नाही.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर, पुन्हा राजारामपुरी. या खेपेला प्लॅस्टिकच्या पिशवीत औषधांच्या सोबत एक बारकं पुस्तक घेतलं. तरी चार दिवस वाचणं झालं नाही. पाचव्या दिवशी बहिणीच्या गॅलरीत दोन पानं झाली.

आता मी एवढंच पाळतो की खंड पडल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यात लहान माप. बुडालेले दिवस भरून काढायचे नाहीत. चार दिवसांची चाळीस पानं एका रात्रीत वाचणारा पाचव्या दिवशी परत दिसत नाही, हे मी खुर्च्या मोजून सांगतो.

बाकीच्या, पटापट

आधी सामान घेणं. बूट, घड्याळ, चामड्याची रोजनिशी. एक महिना जुन्या चपलांवर चाला, मग बूट घ्या.

पहिल्याच दिवशी स्टेटस ठेवणं. शाबासकी आधीच मिळाली, मग दुसऱ्या दिवशी उठायचं कशाला?

रंकाळ्याला एक फेरी आणि त्याचं बक्षीस म्हणून मिसळ, वर जादा कट. मिसळीला माझी ना नाही, पण तिला व्यायामाच्या खात्यात धरू नका.

पुस्तकाचा दहा मिनिटांचा सारांश दुप्पट वेगानं ऐकणं. मिसळीचा नुसता फोटो बघितल्यासारखं आहे ते. हा शॉर्टकट सांगणाऱ्या पोरांशी मी वाद घालत नाही, त्यांना कूलरपासून लांबची खुर्ची देतो.

आणि फोन उशाशी ठेवून पहाटेचा गजर लावणं. गजर बंद करायला हात जातो आणि उठेपर्यंत पाऊण तास रील्स बघून होतात. माझा फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो. गजराला दोनशे रुपयांचं चावीचं घड्याळ आहे, ते कर्कश वाजतं आणि बायको वैतागते.