बांधावर जाण्याआधी: शेताच्या डिजिटल नकाशाची घरबसल्या तयारी

राहायला ठाणे, डोंबिवली नाहीतर ऐरोली, आणि वडिलोपार्जित शेती मुरबाड-शहापूरकडे, अशी आपल्यात कितीतरी घरं आहेत. जमीन कुठून कुठवर आहे हे काका-आजोबांच्या पिढीला तोंडपाठ. पुढच्या पिढीकडे त्यातलं काहीच नोंदलेलं नाही. म्हणून शेताचा नकाशा कॉम्प्युटरवर आणण्याचं काम आता टाळू नये असं मला मनापासून वाटतं. मात्र नुसता मोबाइल घेऊन गावी गेलात तर दिवस फुकट जाईल. निम्मं काम आदल्या आठवड्यात ठाण्यातच उरकतं.

सुरुवात कागदांपासून करा. सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून काढून ठेवा, आणि महाभूनकाशा या नकाशांच्या संकेतस्थळावर आपला गट शोधून त्याचा नकाशा उतरवून घ्या. जुनी मोजणी झाली असेल तर तिची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घरातल्या ट्रंकेत कुठेतरी असतेच, ती शोधा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि गावात बोलणं एकर-गुंठ्यात. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर, 1 गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर आणि 40 गुंठ्यांचा एकर, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पोटखराब्याचा, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीचा, आकडा वेगळा उतरवा, नाहीतर बेरीज जुळत नाही म्हणून उगाच डोकं खपवत बसाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेताच्या हद्दी तीन असतात: कागदावरची, वहिवाटीची आणि उपग्रहाच्या फोटोत दिसणाऱ्या बांधाची. या तिन्ही एकमेकींवर बसतील असं धरून चालू नका, आणि बसत नाहीत म्हणून एखादी सरकवूही नका. सॉफ्टवेअरमध्ये तिघींसाठी तीन वेगळे लेयर करा, तिन्हींचा रंग वेगळा ठेवा. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले ट्रेसिंग पेपर. हवा तो दाखवायचा, नको तो लपवायचा. फरक कुठे आणि किती पडतो हेच तर या नकाशातून कळायला हवं.

सॉफ्टवेअर कोणतं? नुसतं बघायचं आणि अंदाजे मोजायचं असेल तर गुगल अर्थ प्रो पुरेसं आहे, 2015पासून ते फुकट मिळतं. दरवर्षीच्या पिकाची नोंद ठेवायची असेल तर सरळ क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर घ्या. तेही फुकट आणि मुक्तस्रोत आहे, आणि त्याच्या जोडीचं क्यूफील्ड हे ॲप मोबाइलवर चालतं. लॅपटॉपवर तयार केलेला प्रोजेक्ट फोनमध्ये घेऊन शेतात उघडता येतो. आदल्या रात्री दोन्ही उघडून, घराजवळच्या मैदानाचा एखादा आकार काढून पाहा.

विहीर, बोअर, हद्दीचा दगड, विजेचा खांब हे पॉइंट. पाट, पायवाट, पाइपलाइन या लाइन. गट, खाचर, खळं हे पॉलिगॉन, म्हणजे बंद आकार. एवढी वाटणी आधीच ठरवून रिकामे लेयर तयार ठेवा. गावनकाशाचं चित्र उपग्रहाच्या फोटोवर बसवायचं असेल तर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या निदान चार खुणा शोधा: रस्त्याचा तिठा, गावविहीर, देवळाचा कोपरा. त्या चारी दिशांना पसरलेल्या हव्यात. सगळ्या एका कोपऱ्यात घेतल्या तर दुसरं टोक तिरकं जातं.

एक सेटिंग पुष्कळांकडून राहतं. जीपीएस आपल्याला अक्षांश-रेखांश देतं, म्हणजे अंश, आणि अंशांत क्षेत्रफळ मोजता येत नाही. अक्षांशाचा 1 अंश सुमारे 111 किलोमीटरचा, तर आपल्याकडे 19 अंशांवर रेखांशाचा 1 अंश साधारण 105 किलोमीटरचा. म्हणून मोजायचे लेयर यूटीएम 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत ठेवा, तिचा कोड 32643. अख्खा ठाणे जिल्हा या 43 नंबरच्या पट्ट्यात येतो. अंशांतले आकडे वहीत उतरवताना दशांशानंतर पाच अंक तरी लिहा. पाचवा अंक म्हणजे जमिनीवर साधारण 1 मीटर.

मोबाइलच्या जीपीएसकडून किती अपेक्षा ठेवायची हेही आधी ठरवा. उघड्या आकाशाखाली 3 ते 5 मीटरची चूक गृहीत धरा. आंब्याखाली किंवा डोंगराच्या पायथ्याशी जास्तच. 20 मीटर रुंद आणि 50 मीटर लांब तुकडा म्हणजे जवळजवळ 10 गुंठे. त्याच्या रुंदीत 3 मीटरचा घोळ झाला की दीड गुंठा इकडचा तिकडे. म्हणून हा नकाशा भाऊबंदकीच्या वादात पुढे करू नका. वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज, दुसरा रस्ता नाही.

पिकाची तब्येत उपग्रहावरून बघायची हौस सगळ्यांनाच असते. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांचे फोटो फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी. पानं लाल प्रकाश शोषतात आणि जवळचा अवरक्त परत पाठवतात. त्या दोहोंवरून एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा आकडा, काढतात. पण त्या फोटोतला एक चौकोन 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे बरोबर 1 आर. आपली भातखाचरं तीन-चार गुंठ्यांची. त्यात असे तीन-चार चौकोन, आणि तेही बहुतेक बांधावरच्या गवताचा, शेजारच्या शेताचा रंग घेऊन आलेले. शिवाय भात उभं असतं तेव्हाच आभाळ भरलेलं. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातल्या छोट्या खाचरांसाठी यावर वेळ घालवू नये. सलग चार-पाच एकरांचा मळा असेल तर जरूर करावं.

माहितीच्या तक्त्यात कोणते रकाने हवेत? गट नंबर, हिस्सा, खाचराचं नाव, पीक, हंगाम, कोणी दाखवलं, तारीख. खाचराचं नाव वगळू नका. ‘वडाखालचं’, ‘ओहोळाकडचं’, ‘मधलं पाणथळ’ ही नावं कुठल्याही सरकारी कागदावर सापडणार नाहीत. फाइल जिओपॅकेज या नकाशाच्या फाइल-प्रकारात ठेवा. शेपफाइल या जुन्या प्रकारात रकान्याच्या नावाला 10 बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट घेतं, त्यामुळे तिसऱ्या चिन्हापुढे नाव तुटतं. शेपफाइल ही एक फाइल नसून निदान तिघींचा संच असतो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना त्यातली एक हमखास मागे राहते.

जायचं कधी? भातकापणी झाल्यावर, राब (रोपांसाठीची जमीन) भाजायच्या आधी. तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि बांध स्वच्छ दिसतात. निघण्याआधी शिवाराचा उपग्रहाचा फोटो ऑफलाइन उतरवून घ्या, कारण आसनगाव स्टेशन सोडलं की नेटवर्कचा भरवसा नाही. पॉवर बँक, फोनला अचूक लोकेशनची परवानगी, आणि ए-3 कागदावर छापलेला नकाशा घ्या. काकांना फोनच्या पडद्यावर दाखवण्यापेक्षा कागदावर बोट ठेवायला सोपं पडतं. शेजारच्या खातेदाराला आदल्या दिवशीच फोन करा: “दादा, उद्या आमच्या बांधावरून फिरणार आहोत. मोजणी नाही, फक्त आमच्यापुरता नकाशा.” एवढं सांगितलं नाही तर दुपारपर्यंत गावभर वेगळीच बातमी होते.

शेतात प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर थांबा, आकडा स्थिरावला की मगच नोंद करा, आणि दगडाचा फोटो काढा. संध्याकाळी गाव सोडण्याआधी फाइलच्या नावात तारीख घाला आणि एक प्रत गावातल्या चुलतभावाच्या फोनमध्ये टाका.