फ्रान्समध्ये राहून फ्रेंचांवर विनोदी लिहायचं तर

'फ्रेंच माणूस' हा विषय घेऊ नका, बेकरीतली रांग घ्या. आत शिरल्यावर आधी 'बोंझूर' म्हणजे नमस्कार, मग मागणी. हा क्रम चुकला की काउंटरपलीकडचा आवाज एकदम कोरडा होतो. गंमत तिथेच आहे, पण फजिती व्हायला हवी ती निवेदकाची. दुकानदारणीची टिंगल केलीत की लेख कुचकट होतो.

ब्रिटिश लेखक पीटर मेल यांच्या प्रोव्हान्सवरच्या (दक्षिण फ्रान्समधला प्रदेश) १९८९च्या पुस्तकाची बांधणी पाहा: जानेवारी ते डिसेंबर, बारा प्रकरणं. घरदुरुस्ती वर्षभर रेंगाळते, म्हणून वेगळं कथानक लागत नाही. तुम्हीही असंच एक रखडलेलं काम धरा. प्रेफेक्चरमधलं, म्हणजे सरकारी प्रशासन कार्यालयातलं, रहिवासी परवान्याचं नूतनीकरण झकास. पुढे सरकवलेल्या फायलीत नेमका एक कागद कमी, हे दृश्य सावकाश रंगवा. ऑगस्टमध्ये अर्धं गाव सुट्टीवर जातं, तेव्हा काम आपोआप आणखी लांबतं.

गालाला गाल लावून करायच्या अभिवादनाचा आकडा प्रदेशागणिक बदलतो, तेव्हा गाव पक्कं करूनच लिहा. फ्रेंच शब्द पानाला दोन-तीन पुरेत आणि अर्थ प्रसंगातूनच कळू द्या. बेरे टोपी, लसूण वगैरे घासून गुळगुळीत झालंय. सरळ काट मारा.