४० अंशांच्या उन्हात कुंडीतले टोमॅटो कसे जगवावेत

ऊन वाढलं की टोमॅटोला भरपूर पाणी द्या, हा सल्ला आता मला ऐकवत नाही. तो मानून माझी लागोपाठ दोन उन्हाळे रोपं मेली, आणि मेली ती उन्हाने नव्हे, पाण्याने. म्हणून इथे बाकीचं भराभर उरकून पाण्याबद्दल आणि मुळांबद्दल सविस्तर लिहिते.

माती, खत, रोप तयार आहे असं धरून चालते. मोठ्या फळाच्या जातींपेक्षा चेरी टोमॅटो घ्या, उष्णतेत त्यांना फळं धरण्याची शक्यता जास्त असते. कुंडी निदान २० लिटरची हवी. रोप संध्याकाळी लावा आणि खोडाचा खालचा भाग मातीत गाडा, तिथूनही मुळं फुटतात.

सावलीसाठी ३५ ते ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट (सावलीची जाळी) पुरे, शक्यतो पांढरी. ती शेंड्यापासून हातभर वर बांधा आणि पश्चिमेच्या बाजूने खाली सोडा, कारण दुपारनंतरचं तिरपं ऊनच जास्त भाजतं. ७५ टक्क्यांची दाट जाळी लावू नका. तिच्याखाली रोप लांबुळकं वाढतं, फुलं मोजकीच येतात.

आता पाणी.

दुपारी दोनला रोप मान टाकतं. बघवत नाही, हे खरं आहे. पण त्या वेळी पानांतून जेवढं पाणी उडून जातं तेवढं मुळांना खेचता येत नाही, माती ओली असली तरी. पानं झुकली की त्यांच्यावर ऊनही कमी पडतं. ऊन उतरल्यावर रोप पुन्हा ताठ झालं तर काहीही बिघडलेलं नाही. सकाळी उठून पाहिलं आणि तेव्हाही मान खालीच असेल, तरच काळजी करा.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दिवसातून तीनदा झारी घेऊन जायची. पाणी जितकं कोमट तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि उष्णतेत मुळांचा श्वास मात्र वाढलेला असतो. त्यात सतत चिंब माती, म्हणजे मुळं गुदमरणारच. गुदमरलेली मुळं पाणी ओढत नाहीत, त्यामुळे पानं आणखी सुकतात, आणि मी आणखी पाणी ओतायची. शेवटी रोप उपटलं तेव्हा मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती आणि कुजका वास येत होता. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं, मी रोज स्वतःच्या हाताने मोडत होते.

तेव्हापासून माझा नियम असा: सूर्य वर येण्याआधी एकदाच पाणी, पण तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. संध्याकाळी बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. कोरडं लागलं तरच दुसऱ्यांदा द्यायचं, ओल लागली तर झारीला हातही लावायचा नाही. बोटावर विश्वास नसेल तर कुंडी एका बाजूने उचलून बघा, आठवड्याभरात हाताला वजन कळायला लागतं. उन्हात पडलेल्या नळीतलं सुरुवातीचं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं. ते आधी बादलीत काढा, थेट रोपाला नको. कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणीही ओतून द्या.

यात एक फसगत होते. कोकोपीट, म्हणजे मातीत मिसळतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा, पूर्ण वाळलं की पटकन पाणी धरत नाही. पाणी कुंडीच्या कडेने खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं, पोटभर दिलं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, मग पूर्ण निथळू द्या.

मुळांचा दुसरा शत्रू म्हणजे कुंडीच. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत, ऊन लागणाऱ्या कडेला मी एकदा थर्मामीटर खुपसला होता. तो हवेपेक्षा बराच वर गेला, आणि कोवळी मुळं नेमकी त्याच कडेला असतात. म्हणून कुंडी बाहेरून चुन्याने पांढरी करा, किंवा मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळलं गवत भरा. तापलेल्या फरशीवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या. मातीवर ५ ते ७ सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच, फक्त खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा. यातलं एकच काम जमणार असेल तर आच्छादनाचं करा.

फुलं गळतील, घाबरू नका. दिवसा ३५च्या वर आणि रात्रीही २४-२५च्या खाली पारा उतरत नसेल तर परागकण निकामी होतात. तिथे कुठलंही टॉनिक चालत नाही, आणि नत्राचं खत तर मुळीच घालू नका, नुसता पाला माजतो. या दिवसांत रोप जगवणं एवढंच काम. रात्री थंड झाल्या की फुलं पुन्हा टिकतात. तोवर जी उमलतील त्यांच्या देठाला सकाळी हलकी टिचकी मारा.

पानं छाटू नका, उघड्या पडलेल्या फळांवर पांढरे चट्टे पडतात. पानं फिकट, ठिपकेदार दिसली तर उलटून पाहा: बारीक जाळं म्हणजे लाल कोळी ही कीड. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. कडुनिंबाचं तेल वापरायचंच तर सूर्य मावळल्यावर, उन्हात त्याने पानं करपतात.

फळं वेलीवर लाल होण्याची वाट पाहू नका. ३० अंशांच्या वर लाल रंग नीट तयार होत नाही, फळ पिवळट-नारिंगीच राहतं. पहिली गुलाबी झाक दिसली की तोडा आणि घरात सावलीच्या जागी ठेवा, फ्रिजमध्ये नको. चार-पाच दिवसांत पिकतात.