जिन्यात प्रश्न विचारू नका, पॅसेजमध्ये मुद्दाम विचारा

तीन वर्षांपूर्वी बाबा जिना उतरत होते. मी खालून ओरडले, "बाबा, गॅस बंद केला का हो?" बाबा आठवायला लागले आणि शेवटून दुसरी पायरी चुकली. मनगट मोडलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. साताऱ्यात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना चालायला लावते, आणि स्वतःच्या बापाला जिन्यात कोडं घातलं.

तरुणपणी पाय आपले आपण चालतात. वयानुसार तळव्यांची जाण कमी होते, नजर अधू होते, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मंदावते. मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील तर आणखीच. ही तूट मेंदू लक्ष देऊन भरून काढतो. पण आठवणं, हिशेब, उत्तर जुळवणं यालाही तेच लक्ष लागतं. एका गड्याला दोन शेतांवर धाडल्यासारखं होतं.

१९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनमधलं एक साधं निरीक्षण छापून आलं होतं. ५८ वृद्धांशी चालता चालता गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलायला चक्क थांबले. पुढच्या ६ महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. यंत्र नाही, तपासणी नाही, नुसत्या गप्पा.

घरी हे असं बघा. लांब पॅसेज घ्या. फरशी दोन फुटी असेल तर दहा फरश्या म्हणजे साधारण सहा मीटर. दोन फरश्या आधीपासून चालायला सांगा आणि दोन फरश्या पुढे जाऊन थांबवा, म्हणजे सुरुवातीचं रेंगाळणं मोजलं जात नाही. पायात रोजची चप्पल, काठी असेल तर काठी. तुम्ही बाजूने, अर्धं पाऊल मागे चाला. हात धरायचा नाही, पण पोचेल इतका जवळ हवा. आधी नुसतं चालवा, वेळ लिहा. मग खुर्चीत बसवून शंभरातून तीन-तीन वजा करायला सांगा, कारण बसूनच जमत नसेल तर दोष पायांना देण्यात अर्थ नाही. मग तेच करत चालायला सांगा. साध्या चालीला ८ सेकंद आणि वजाबाकीसकट ११, म्हणजे चाल बरीच मंदावली. शेजारच्या आजोबांशी तुलना करू नका, महिन्याभराने ज्याची त्याच्याशीच करा.

सेकंदांपेक्षा पायांकडे बघा. पाऊल आखूड होतंय का, फरशीला घासतंय का, हात भिंत शोधतोय का? उत्तर अडलं पण पाय नीट चालले, तर मला बरं वाटतं; शरीराने शहाणपणा केला. उलट उत्तरं फटाफट आणि पाय लडखडतायत, हे वाईट. पार्किन्सन म्हणजे कंपवाताच्या आजारात हे बरेचदा दिसतं. अशा माणसाला घरच्यांनी ही चाचणी लावूच नये.

प्रश्न मात्र नीट निवडा. माझे एक पेशंट, एक्याऐंशीचे निवृत्त मास्तर, पाऊणकी घडाघडा म्हणत चालले. वेळ एका सेकंदानेही वाढली नाही. मी खूश. मग सहज विचारलं, "सर, काल रात्री जेवायला काय होतं?" पाय फरशीला चिकटले. पाढे, आरत्या, रामरक्षा तोंडपाठ असतात, त्यांचं ओझं मेंदूला फारसं होत नाही.

वेळ बराच वाढत असेल, तर आधी घरच्यांनी सुधारायचं. मागून हाक मारायची नाही, समोर येऊन बोलायचं. जिना, बाथरूमचा उंबरा, रस्ता ओलांडणं, इथे गप्प. फोन वाजला तर वाजू दे, नंतर लावता येतो. दूध उतू जातंय म्हणून ओरडायचं नाही. माझ्या निम्म्या पेशंट काकू दुधापायीच धावतात.

पण "अप्पा, चालताना बोलायचंच नाही" असा फतवाही काढू नका. बाजारात कोणीतरी "काय अप्पा, बरंय का?" म्हणणारच. म्हणून सराव सुरक्षित जागी करायचा. आठवडाभर ओट्याला हात टेकता येईल असं उभं राहून: पाय जुळवून, मग एक पाऊल पुढे ठेवून, आणि तेव्हा मंडईतल्या भाज्यांची नावं. ते जमलं की पॅसेजमध्ये चालत गाण्याच्या भेंड्या. मग हातात अर्धा भरलेला तांब्या. एका फेरीत सांगायचं, "लक्ष पायांकडे", दुसरीत, "लक्ष भेंड्यांकडे". लक्ष इकडून तिकडे नेता येणं हीच खरी कसरत. दहा मिनिटं पुरे. चक्कर आली, छातीत दुखलं की बंद.

तालाचाही उपयोग होतो. जिनिव्हात १३४ वृद्धांवर झालेल्या अभ्यासात पियानोच्या तालावर चालण्याचे वर्ग सहा महिने घेतले, तेव्हा पडणं कमी झालं. आपल्याकडे टाळ आहेत. ज्यांनी वारीत पावली खेळली आहे, त्यांना हे शिकवावंच लागत नाही.

चाल अचानक बिघडली तर मात्र सराव नको, डॉक्टर गाठा. झोपेच्या गोळ्या, रक्तदाब, बी-१२, चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

बाबा आता रोज संध्याकाळी पॅसेजमध्ये भेंड्या खेळत चालतात. 'ळ' आला की अजून थांबतात, पण 'ळ'वर मी बसल्या बसल्याही अडते.